स्वतंत्र राज्यं एकत्र येऊन देश कधी होतो, आणि कधी नुसतीच युती राहते?

एमपीएससीची तयारी करणाऱ्या एका मुलीने प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात असा: स्वतंत्र राज्यं एकत्र येतात तेव्हा कधी नुसतं अलायन्स होतं, कधी कॉन्फेडरेशन, कधी फेडरेशन म्हणजे सरळ एक देश, तर हा फरक नक्की कुठे पडतो, राज्यं मुळात आपलं स्वातंत्र्य सोडायला तयार का होतात, आणि इंग्रजी पुस्तकात जी मराठ्यांची कॉन्फेडरसी वाचायला मिळते ती खरंच तशी होती का. मी मुंबईत कॉलेजात पॉलिटिकल सायन्स शिकवण्यातच आयुष्य घालवलं आणि आता दादरला क्लासच्या मुलांना हेच शिकवतो, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

गाइडमधले तक्ते आधी बाजूला ठेवा. त्यात सार्वभौमत्व कोणाकडे वगैरे रकाने असतात, ते चुकीचे नाहीत पण त्याने काही कळत नाही. मी मुलांना सांगतो की कुठलाही संघ समोर आला की पहिला प्रश्न पैशाचा विचारा. वरचं सरकार सामान्य माणसाकडून थेट कर घेऊ शकतं का, की त्याला सदस्य राज्यांकडे हात पसरावा लागतो? थेट घेत असेल तर तो देश आहे किंवा होण्याच्या वाटेवर आहे. हात पसरत असेल तर नाव काहीही असो, ते कॉन्फेडरेशन. आणि वर सरकारच नसेल, नुसता एकमेकांना दिलेला शब्द असेल, तर अलायन्स. मग दुसरा प्रश्न, एकटा सदस्य सगळ्यांना अडवू शकतो का. तिसरा, बाहेर पडता येतं का आणि पडायला गेलं तर अडवणार कोण. पण पैसा पहिला.

अलायन्सबद्दल फार लिहीत नाही, सोपं आहे. नाटो १९४९ मध्ये बारा देशांनी केली, आज बत्तीस आहेत. तिचं ते प्रसिद्ध पाचवं कलम लोकांना वाटतं तसं नाहीये. एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला हे लिहिलंय खरं, पण पुढे मदत कशी करायची हे प्रत्येक देशाने स्वतःला आवश्यक वाटेल तसं ठरवायचं आहे, म्हणजे सैन्य पाठवायचं की नुसता निषेधाचा खलिता हे ज्याचं त्याने बघायचं. आजवर ते कलम एकदाच वापरलं गेलं, २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर. फ्रान्स १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी कमांडमधून बाहेर पडला, २००९ मध्ये परत आला, आणि एवढी वर्षं तो नाटोचा सदस्य होताच! आपल्याकडचं उदाहरण हवं तर १७८० च्या सुमाराला नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली होती ते बघा. इंग्रजांनी काय केलं, निजामाला गुंटूर परत दिलं, भोसल्यांना पैसे दिले, दोघे गार. अलायन्स असंच तुटतं, सदस्याला सुटा गाठून.

आता कॉन्फेडरेशन. यात अमेरिकेचा अनुभव इतका स्वच्छ आहे की तोच नीट समजून घ्यावा. तेरा वसाहती इंग्लंडशी लढत होत्या तेव्हा त्यांनी आपापसात करारनामा केला, तो १७८१ मध्ये लागू झाला. काँग्रेस होती, तिने युद्ध चालवायचं, परदेशांशी तह करायचे, कर्ज काढायचं. फक्त एक करायचं नाही, कर लावायचा नाही. पैसे हवे असतील तर राज्यांना पत्र पाठवायचं की तुमचा वाटा एवढा. राज्यं वाटायचं तेव्हा द्यायची, बहुतेक वेळा थोडंफार द्यायची आणि उरलेलं विसरून जायची. आयात मालावर पाच टक्के जकात काँग्रेसला मिळावी असा प्रस्ताव आला तर त्याला तेराही राज्यांची संमती लागायची, आणि १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने, नकाशात शोधावं लागेल एवढंसं राज्य, ते अडवलं. पुन्हा दुरुस्त करून आणलं तर न्यूयॉर्कने अडवलं, कारण बंदर त्यांचं, जकात त्यांना मिळत होती, ते कशाला सोडतील. मधल्या काळात पगार थकलेले सैनिक फिलाडेल्फियात सभागृहाबाहेर येऊन उभे राहिले आणि काँग्रेसला तिथून निघून प्रिन्स्टनला जावं लागलं, फ्रान्सच्या कर्जाचं व्याजही थकलं. स्वातंत्र्य जिंकलेला देश आणि तिजोरीत खडखडाट.

मुंबईकराला हे चटकन कळतं कारण मोठ्या लेआउटमधल्या सोसायट्यांचं फेडरेशन (नावच फेडरेशन, चालतं कॉन्फेडरेशनसारखं) त्याने बघितलेलं असतं. रस्ता, पाण्याची टाकी, गेटवरचा वॉचमन सगळं सामायिक, पण फेडरेशनने पैसे मागायचे ते सोसायट्यांच्या कमिटीकडून, फ्लॅटवाल्याकडून नाही. मग सी विंगवाले म्हणतात आम्ही गार्डन वापरतच नाही, आमचा वाटा कमी करा, तोवर देणार नाही, आणि फेडरेशनचा सेक्रेटरी नुसती पत्रं लिहीत बसतो. १७८६ ची अमेरिकन काँग्रेस म्हणजे हा सेक्रेटरी.

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि केंद्राकडे तो मोडायला ना सैन्य ना पैसा, हे बघून भलेभले घाबरले. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात पंचावन्न प्रतिनिधी जमले, ऱ्होड आयलंड आलंच नाही. काम होतं जुना करारनामा दुरुस्त करायचं, त्यांनी तो गुंडाळून नवीन घटनाच लिहिली. त्यात दोन गोष्टी केल्या त्या परीक्षेत लिहायच्याच. एक, काँग्रेसला थेट नागरिकांवर कर लावायचा अधिकार. दोन, ही घटना लागू व्हायला तेरा नाही, नऊ राज्यं पुरेशी. जुन्या करारनाम्यात तर बदलाला सगळ्यांची संमती हवी असं साफ लिहिलं होतं, म्हणजे कायद्याने बघितलं तर ही उडी बेकायदाच होती, पण तिच्याशिवाय ते झालं नसतं असं माझं मत. ऱ्होड आयलंड १७९० पर्यंत बाहेर बसून होतं, मग सिनेटने त्यांच्याशी व्यापार बंद करायचं विधेयक पास केलं तेव्हा ३४ विरुद्ध ३२ मतांनी आत आलं. आणि १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी व्हिस्कीवरचा कर द्यायला नकार दिला तर वॉशिंग्टन स्वतः हजारोंची फौज घेऊन निघाले. पंधरा वर्षांपूर्वी ज्या सरकारला पैसे मागायला पत्र लिहावं लागायचं ते आता शेतकऱ्याच्या भट्टीपर्यंत पोचलं होतं. देश झाला तो इथे, स्वातंत्र्य जाहीर केलं त्या १७७६ ला नाही.

आता मराठ्यांचं, कारण त्यावर लोक उगाच भावनिक होतात. कॉन्फेडरसी हा शब्द इंग्रजांनी रूढ केला, आणि तो अर्धाच लागू पडतो. कॉन्फेडरेशन म्हणजे आधी स्वतंत्र असलेले लोक करार करून जवळ येतात. मराठ्यांचं नेमकं उलटं झालं, आधी एक राज्य होतं, ते सैल होत होत कॉन्फेडरेशनसारखं झालं. शिवाजी महाराजांचा कल सरदारांना रोख पगार देण्याकडे होता, जहागिरी तोडून देण्याला त्यांचा विरोध. पण राजाराम महाराज जिंजीला असताना औरंगजेबाशी लढायचं तर तिजोरीत रोख नाही, मग सरदारांना मुलूख आणि वतनं लावून देणं भाग पडलं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही, त्याशिवाय राज्य वाचलंच नसतं. पण पायंडा पडला.

पुढे १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या (चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलीचा चौथा भाग, सरदेशमुखी म्हणजे वर दहावा) सनदा घेऊन आले आणि चौथाईची वाटणी ठरली ती बघण्यासारखी आहे. चौथाईतला चौथा हिस्सा, त्याला बाबती म्हणायचे, छत्रपतींचा. सहा टक्के साहोत्रा पंत सचिवांना. तीन टक्के नाडगौडा, तो छत्रपती मर्जीप्रमाणे द्यायचे. आणि उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांकडे, त्यातून त्यांनी फौज ठेवायची. म्हणजे वसूल करणारा तोच, बहुतांश ठेवून घेणारा तोच, फौज त्याच्या पदरची, आणि साताऱ्याला किंवा पुढे पुण्याला फक्त हिशेब आणि वाटा पाठवायचा. पुण्याहून फडणीस, मुजुमदार असे दरकदार सरदारांकडे नेमले जायचे हिशेब बघायला, ही चांगली सोय होती, पण ती चालली पुण्यात बाजीराव किंवा माधवराव असेपर्यंत. पहिल्या प्रश्नाला लावून बघा, केंद्र रयतेपर्यंत जात होतं का? स्वतःच्या मुलखात हो, शिंदे-होळकर-गायकवाड-भोसल्यांच्या मुलखात नाही.

पानिपतानंतर आणि विशेषतः १७७२ मध्ये माधवराव गेल्यावर हे उघडं पडलं. माधवरावांचे काका रघुनाथराव यांनी पेशवाईच्या गादीसाठी १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला, बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. साष्टी म्हणजे आपलं आजचं वांद्रे ते दहिसर, कुर्ला ते ठाणे, हा सगळा उपनगरांचा पट्टा! सालबाईच्या तहात १७८२ मध्ये वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. त्याच तहात महादजी शिंदे मध्यस्थ आणि हमीदार म्हणून पुढे आले, तेही नुसते सरदार म्हणून नाही, जवळजवळ वेगळी सत्ता म्हणून. महादजींना दोष देणं सोपं आहे, पण उत्तरेत त्यांनी जे उभं केलं ते पुण्याच्या पैशावर उभं नव्हतं, तेव्हा पुण्याचा शब्द किती चालणार.

१७९५ ला खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे एकत्र लढले, ते शेवटचं. मग १८०० मध्ये नाना गेले, विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, त्यांचे भाऊ यशवंतराव चिडून चालून आले, २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि दुसरा बाजीराव पळत पळत कोकणातून वसईला इंग्रजांकडे. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा, परराज्यांशी बोलणं इंग्रजांच्या सल्ल्याने. आपण वसई लोकलमध्ये चढण्यासाठी मारामारी करतो, तिथे हे झालं. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, होळकर बाजूला राहिले, गायकवाडांचा इंग्रजांशी आधीच करार झाला होता. आणि शिंदे हरल्यावर १८०४ मध्ये होळकर एकटे लढले. शौर्य कमी पडलं असं कोणी म्हणू नये, १८०३ ला असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलेस्लीची किती माणसं पडली ते वाचा. कमी पडलं ते सगळ्यांना बांधून ठेवणारं यंत्र.

मग राज्यं स्वातंत्र्य सोडतात का? प्रेमापोटी नाही. भीती किंवा कर्ज, बहुतेक वेळा दोन्ही. स्कॉटलंडने पनामाकडे वसाहत करायला जाऊन प्रचंड पैसा बुडवला, आणि १७०७ मध्ये इंग्लंडशी एक होताना त्यांना ३,९८,०८५ पौंड देण्याचं करारातच लिहिलंय. त्यातून बुडालेल्यांची भरपाई झाली. पण कायदा, चर्च आणि शिक्षण त्यांनी आपलं वेगळंच ठेवलं, म्हणजे नुसते विकले गेले असंही नाही. जर्मनीत तेव्हा बरीच वेगवेगळी राज्यं होती, त्यातल्या प्रशिया या मोठ्या राज्याने १८३४ मध्ये जकातसंघ केला, सीमेवरची जकात एकत्र गोळा करायची आणि लोकसंख्येप्रमाणे वाटून घ्यायची. पुस्तकात लिहितात की यातून एकीकरण झालं, इतकं सरळ नाही ते. १८६६ च्या युद्धात त्याच संघातले बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर प्रशियाविरुद्ध ऑस्ट्रियाच्या बाजूने लढले! गंमत म्हणजे लढाई चालू असताना जकात गोळा होतच होती. नंतर १८७१ ला साम्राज्य झालं तेव्हा बव्हेरियाने आपलं पोस्ट, रेल्वे आणि बिअरवरचा कर राखून ठेवला, आणि त्यांच्या राजाला प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्कने गुपचूप पैसेही पोचवले. एकीकरण हे असं घासाघीस करूनच होतं.

अमिराती घ्या, निम्म्या कोकणातलं कोणी ना कोणी तिकडे आहे. ब्रिटिशांनी १९६८ मध्ये सांगितलं की १९७१ अखेर आम्ही आखातातून चाललो. नऊ अमिरातींची बोलणी सुरू झाली, बहरीन आणि कतार निघून गेले, २ डिसेंबर १९७१ ला सहा एकत्र आल्या, रास अल खैमा १९७२ मध्ये. तिथे खर्च मुख्यतः अबू धाबीच्या तेलावर चालतो, आणि महत्त्वाच्या ठरावाला सातपैकी पाच मतं लागतात, पण त्यात अबू धाबी आणि दुबई दोघं असायलाच हवेत. पैसे देणाऱ्याला व्हेटो, हे निदान प्रामाणिक आहे. जाता जाता, १९६६ पर्यंत तिथे चालणारा रुपया आपल्या रिझर्व्ह बँकेचा होता, हे क्लासमध्ये सांगितलं की मुलं मोबाइल खाली ठेवतात.

फसलेलं उदाहरण म्हणजे वेस्ट इंडिज. क्रिकेटची टीम एक आहे पण देश नाही, कारण १९५८ मध्ये दहा बेटांचं फेडरेशन केलं आणि पहिली पाच वर्षं त्याला इन्कम टॅक्स लावायचाच नाही असं ठरवून टाकलं. नाव फेडरेशन, स्वभाव कॉन्फेडरेशनचा. १९६१ मध्ये जमैकाने सार्वमत घेऊन काढता पाय घेतला, त्रिनिदादचे एरिक विल्यम्स म्हणाले दहातून एक गेला की शून्य उरतं, आणि १९६२ मध्ये खरंच शून्य उरलं. पण सगळं पैशावर ढकलू नका. सिंगापूर १९६५ मध्ये मलेशियातून बाहेर पडलं त्यात महसुलाच्या वाट्याचं भांडण होतं, पण त्याहून मोठं कारण चिनी-मलय वाद आणि १९६४ च्या दंगली.

बाहेर पडण्याबद्दल, कागदावर लिहिलेल्या हक्काला फार किंमत देऊ नका. सोव्हिएत घटनेत बाहेर पडायचा हक्क सरळ लिहिलेला होता, आणि दशकानुदशकं तो उच्चारायची कोणाची टाप नव्हती. अमेरिकेच्या घटनेत यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तो निकाल १८६१ ते १८६५ च्या यादवीने लावला आणि सुप्रीम कोर्टाने १८६९ मध्ये त्यावर शिक्का मारला. व्यवस्थित ठरवून वेगळं होणं क्वचित, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोने २००३ मध्येच तीन वर्षांनी सार्वमताची तरतूद ठेवली, ५५ टक्के हवे होते, २००६ मध्ये ५५.५ पडले, विषय संपला.

भारत यात कुठे बसतो हे परीक्षेत हमखास फसतं. १९३५ च्या कायद्यात संस्थानं आणि प्रांतांचं फेडरेशन होतं, पण संस्थानिक पुरेशा संख्येने आलेच नाहीत म्हणून तो भाग कधी लागूच झाला नाही. १९४७ मध्ये सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी सामीलनाम्यात फक्त संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण मागितलं, पैशाची कुठलीही जबाबदारी नाही असं सांगून. म्हणजे पहिल्या दिवशी ते दिसायला कॉन्फेडरेशनसारखंच होतं! खरं काम पुढच्या दोन-अडीच वर्षांत झालं. जव्हार, जंजिरा, दख्खनची संस्थानं १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला, बडोदा त्याच वर्षी. आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीच्या शिफारशीनुसार १ एप्रिल १९५० पासून केंद्राचे कर जुन्या संस्थानी मुलखात लागू झाले. ही तारीख कोणी पाठ करत नाही, माझ्या मते २६ जानेवारीच्या खालोखाल हीच.

आणि घटनासभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं की हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणाला बाहेर पडायचा हक्कही नाही. उलट तिसऱ्या कलमाने संसद राज्याच्या सीमा बदलू शकते, विधानसभेचं मत फक्त मागवते, संमती लागत नाही. महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला तो संसदेच्याच कायद्याने. पण कायद्यात लिहिलंय म्हणून दिल्लीला हवं ते झालं असं नाही हे हुतात्मा चौकातून जाताना आठवावं. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं घाटत होतं, सी. डी. देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, शंभरावर माणसं गेली, तेव्हा दिल्ली वाकली. करांच्या बाबतीतही केंद्राला राज्यांबरोबर बसूनच ठरवावं लागतं असं थोडं झालंय. जीएसटी २०१७ मध्ये आला तेव्हा मुलुंड आणि दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा संपल्या, राज्यांनी आपले कर एका कौन्सिलच्या हवाली केले, तिथे केंद्राचं मत एक तृतीयांश, राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्राशिवाय काही होत नाही आणि केंद्र एकटंही काही करू शकत नाही.

आत्ताच्या घडीला दोन ठिकाणी लक्ष ठेवण्यासारखं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो आणि नायजर या तीन देशांनी २०२३ मध्ये संरक्षण करार केला, जुलै २०२४ मध्ये कॉन्फेडरेशन जाहीर केलं, आणि २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्के लेव्ही म्हणजे कर लावला, संघाच्या खर्चासाठी. तिन्हीकडे लष्करी सरकारं आहेत, तेव्हा टिकेल का हे एका माणसाच्या जाण्यावरही अवलंबून आहे, पण भाषणं सोडून द्या, ही लेव्ही कोणाच्या खात्यात जमते तेवढं बघत राहा.

दुसरं युरोपियन युनियन. सुप्रीम कोर्टासारखं कोर्ट आहे, नाणं आहे, पण बजेट सगळ्या देशांच्या उत्पन्नाच्या साधारण एक टक्का, आणि तेही मुख्यतः सदस्यांनी भरलेल्या वाट्यातून. ब्रिटन २०१६ मध्ये मत देऊन २०२० मध्ये निघून गेला, कोणी फौज पाठवली नाही, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पण त्याच २०२० मध्ये कोविडमुळे युनियनने पहिल्यांदाच एवढं मोठं, ७५० अब्ज युरोचं सामायिक कर्ज काढायचं ठरवलं, ते २०५८ पर्यंत फेडायचंय. फेडायचं तर युनियनला स्वतःचे कर हवेत, आणि कुठलाही नवा कर आणायचा तर त्यावर सत्तावीसच्या सत्तावीस देशांची सही लागते.